हेडीसवरचा आळ



ग्रीकांच्या पाताळाचा राजा हेडीस दुष्ट नव्हे, असं माझं ठाम मत आहे आणि आज मी त्याची वकिली करायला उभा आहे. क्रोनसने पोटची पोरं गिळली, झ्यूसने ती ओकायला लावली, युद्ध झालं. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जातो. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला काळोख. या वाटणीवरून तो भावांशी कधी भांडला नाही. आपल्याकडे चार गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात! (हशा)

'इलियड'मध्ये अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो की सगळ्या देवांत माणसांना हेडीसचाच तिटकारा, कारण तो कशानेही वळत नाही. कारण नीट ऐका. तो छळतो, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. त्याच्यापुढे वशिला चालत नाही, हीच तक्रार.

तुमच्या मनात यम आला असेल. पण यम निवाडा करतो. इथे बहुतेक कथांत ते काम मायनॉस वगैरे तिघांकडे आहे. हेडीस फक्त दार राखतो. तोही पाषाणहृदयी नाही. ऑर्फियसचं गाणं ऐकून त्याने त्याच्या मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, जाऊ दिलं; अट एकच, वाटेत मागे वळून पाहायचं नाही. मागे वळून पाहिलं ते ऑर्फियसने. हेराक्लिसने सर्बेरस कुत्रा मागितला, तेव्हा म्हणाला, शस्त्राविना धरता आला तर खुशाल ने. आणि १९९७च्या डिस्नेपटात हाच हेडीस हेराक्लिसच्या जिवावर उठलेला! मुलं तेच खरं मानून मोठी होतात, याचा मला मनापासून राग येतो.

आता एक सिसिलीतली गोष्ट, थोडक्यात सांगतो. मॉर्गान्टिना या जुन्या ग्रीक शहरात डिमिटर आणि पर्सेफनी या मायलेकींचं देवस्थान होतं. सत्तरच्या दशकात चोरट्यांनी ते उकरलं. तिथलं हेडीसचं भाजक्या मातीचं एक मस्तक अमेरिकेत पोचलं आणि १९८५ मध्ये गेटी संग्रहालयाने ते विकत घेतलं. केस तांबूस, दाढी निळी. दाढीची एकेक बट वेगळी वळून चिकटवलेली आणि काही बटा गळून गेलेल्या. इकडे मॉर्गान्टिनात मातीच्या सुट्या बटा मिळालेल्या होत्या. वळलेल्या, निळ्या. त्या याच दाढीच्या निघाल्या! २०१३ मध्ये गेटीने मस्तक परत करायचं जाहीर केलं, २०१६ मध्ये ते सिसिलीत आलं. मी त्याची छायाचित्रं तासन्‌तास बघतो. जिची मुलगी याने नेली, त्या आईच्याच देवस्थानात याची मूर्ती ठेवलेली. ज्याला लोक राक्षस मानतात, त्याची बट न्‌ बट कुणी इतक्या मायेने वळत बसेल का?

(पहिल्या रांगेतून : पण पर्सेफनीचं काय?)

तिथेच येतो, ताई, टाळत नाही. मुलीला तिच्या मनाविरुद्ध नेलं, परत पाठवताना डाळिंबाचा दाणा गुपचूप खायला घातला. हा गुन्हाच आहे आणि इथे माझी वकिली थांबते. पण डिमिटरच्या जुन्या स्तोत्रात या लग्नाला संमती कुणाची? मुलीच्या बापाची, झ्यूसची. तिला भुलवणारं फूल उगवलं तेही त्याच्याच मर्जीने. मग हेडीसला एकट्यालाच पिंजऱ्यात का उभं करायचं? शेजारी झ्यूसलाही आणा! (टाळ्या)

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरलीत. दक्षिण इटलीत लोक्रीला मातीचे फलक सापडले, त्यांवर पर्सेफनी हेडीसच्या जोडीने राणीच्या मानाने बसली आहे. त्याबद्दल सविस्तर बोलायचं होतं, ते राहिलं. ग्रीसमधल्या एलिसचं मात्र सांगतोच. तिथे हेडीसचं देऊळ होतं. जुना ग्रीक प्रवासी पॉसेनियस लिहितो, ते वर्षातून एकदा उघडायचं आणि आत फक्त पुजारी जायचा. एलिसचे लोक त्याला का भजत? हेराक्लिस एलिसमधल्या पायलॉसवर चालून आला, तेव्हा हेडीस तिथल्या माणसांच्या बाजूने लढायला आला, असं ते सांगत. पायलॉसला हेराक्लिसचा बाण त्याच्या खांद्यात रुतला आणि कळवळत तो ऑलिम्पसवर वैद्याकडे गेला, हे तर 'इलियड'मध्येच आहे. अध्यक्ष उठले, मी थांबतो. ताई, तुम्ही चहाच्या वेळी जरूर भेटा.