नक्कल करता करता
(विजयदुर्ग येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेलं वर्षभर रविवारी दुपारी मी तैलरंगात चेहरा रंगवायला शिकते आहे. शिकवायला कोणी नाही. समोर असते राजा रविवर्मांच्या एका व्यक्तिचित्राची छापील प्रत. तिच्यावर चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच चौकोन आखायचे आणि नक्कल करायची. "बाई, संघटनेचं काम सोडून हे काय?" असं तुमच्यातल्याच काहीजणींनी विचारलं. त्याचं उत्तर आज देते.

पहिल्या थरात तेल कमी, वरच्या थरांत जास्त. उलट केलं तर रंगाला भेगा पडतात. सावली पातळ, उजेड जाड. पावसाळ्यात थर वाळता वाळत नाही, म्हणून थांबायचं. गोऱ्या गालाच्या सावलीत हिरवट राखाडी छटा असते, हे मला नक्कल करतानाच दिसलं. खुद्द रविवर्मांनाही हे तंत्र कोणी हात धरून शिकवलं नव्हतं. त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनला रंगवताना बघून ते शिकले.

आता बायकांचं बघा. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं 1897 पर्यंत स्त्रियांना प्रवेश दिला नाही. लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांची नक्कल करायला मात्र बंदी नव्हती. कितीतरी जणींची शाळा तीच. आपल्याकडे अंबिका धुरंधर यांनी 1931 साली जे. जे. स्कूलची पदविका मिळवली. अँजेला त्रिंदाद याही तिथेच शिकल्या. दोघींचे वडील नामवंत चित्रकार. रंग घरातच होते. ज्यांच्या घरात रंग नाहीत, त्यांनी काय करायचं?

सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. चित्रातली बाई घरोघरी पोचली. चित्र काढणारी बाई अजून किती घरांना माहीत आहे?

पण नक्कल हा उंबरठा आहे, घर नव्हे. गेल्या महिन्यात मी छापील प्रत बाजूला ठेवली आणि शेजारच्या मासे विकणाऱ्या काकींना समोर बसवलं. अर्ध्या तासानं त्या म्हणाल्या, "इतको वेळ माझ्या तोंडाकडे कोणी बघूक नाय."

म्हणून मागणी एवढीच : मंडळाची खोली रविवारी कुलूपबंद असते. दुपारी दोन तास ती उघडी ठेवूया. माझ्याकडे रंग आहेत. तुम्ही वेळ काढून या.