बोटे काय सांगत होती
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमच्या हातांविषयीच बोला," म्हणून उभी राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी सकाळी उठले की माझ्या दोन्ही हातांची बोटे आखडलेली असत. मूठ वळेना, भाकरी थापवेना. तासाभराने ती जरा सैल होत. सासूबाई म्हणाल्या, गार पाण्याने झाले असेल. मीही तेल चोळीत राहिले. पुढे एका दवाखान्यात रक्त तपासले. 'आर. ए. फॅक्टर' निगेटिव्ह आला आणि "संधिवात नाही" असे सांगून मला घरी पाठविले. मला आनंदच झाला! त्या आनंदात वर्ष गेले आणि उजव्या हाताचे एक बोट वाकडे झाले. ते आता सरळ व्हायचे नाही.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी 'अँटी-सीसीपी' ही तपासणी करविली. ती पॉझिटिव्ह आली. त्यांनी समजाविले ते असे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारे शिपाई असतात. या आजारात ते आपल्याच सांध्यांवर उलटतात. आर. ए. फॅक्टरचा माग १९४० साली नॉर्वेच्या वालेर यांना लागला. परंतु तो पुष्कळ रोग्यांत सापडत नाही आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत मात्र सापडतो. अँटी-सीसीपी १९९८ च्या सुमाराची. ती इतरांत क्वचितच सापडते, म्हणून अधिक भरवशाची. कित्येकदा दुखणे सुरू होण्याच्या आधी काही वर्षे ती रक्तात असते. ईएसआर व सीआरपी शरीरात दाह आहे एवढेच सांगतात. तो कशाचा, हे सांगत नाहीत.

पण भगिनींनो, या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह येऊनही हा आजार असू शकतो. म्हणून सांधे हाताने तपासून घेणे चुकवू नये. उगाच कुणी रक्त तपासत बसावे असेही नाही. मात्र दोन्ही हातांची बोटे सुजली, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहिला आणि असे सहा आठवडे चालले, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावे. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि आपणच तो अंगावर काढतो.

मला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे; ती रोज घेतली तर जिवावर बेतते, हेही ध्यानात ठेवा. आज मी पुन्हा भाकरी थापते. ते एक बोट तेवढे आड येते. तुमच्यापैकी कुणाचे तसे होऊ नये, एवढ्यासाठीच बोलले. चुकले माकले पदरात घ्यावे.