संगणकांतला समुद्र

फेब्रुवारी २००५ मध्यें दक्षिण ध्रुवाकडील फिंबुल येथील तरंगत्या बर्फाच्या थराखालीं 'ऑटोसब-२' नांवाची ब्रिटिश पाणबुडी शिरली, ती पुन्हां बाहेर आली नाहीं. तिच्यांत मनुष्य नव्हता. दिलेल्या आज्ञांप्रमाणें ती आपली आपणच चालत होती. पुढें चौकशी झाली, परंतु यंत्रच हातीं नसल्यामुळें अपघाताचें नेमकें कारण ठरवितां आलें नाहीं. अशीं यंत्रें बांधणारांची खरी अडचण हीच होय: बुडालेलें यंत्र आपला दोषही बरोबर घेऊन जातें.

खोल पाण्यांत ह्या यंत्राला कोणाचें साह्य नसतें. रेडिओच्या लहरी समुद्रांत दूरवर जात नाहींत. म्हणून जहाजांना मार्ग दाखविणारे उपग्रह तेथें निरुपयोगी ठरतात. ध्वनि पोंचतो, पण त्याचा वेग सेकंदाला सुमारें १,५०० मीटर. तीन किलोमीटरवरील जहाजानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर यावयास चार सेकंद लागतात. तेव्हां बहुतेक निर्णय यंत्रानें स्वतःच घ्यावयाचे. ते कोठें चुकतील, हें आधीं कळावें कसें?

त्यासाठीं संगणकांत एक कृत्रिम समुद्र उभारतात. २०१२ साली स्पेनमधील संशोधकांनीं 'यूडब्ल्यूसिम' ही अशी आज्ञावली प्रसिद्ध केली. २०१६ मध्यें 'गझीबो' ह्या आज्ञावलीवर आधारलेला 'यूयूव्ही सिम्युलेटर' पुढें आला. यंत्राचें वजन, पाण्याची उचल, वेगाबरोबर वाढणारा विरोध व प्रवाहाची ओढ यांचें गणित तेथें क्षणोक्षणीं मांडलें जातें. पाण्यांत वेग घेणाऱ्या वस्तूला भोंवतालचें पाणीही ढकलावें लागतें, म्हणून ती आहे त्याहून जड असल्यासारखी वागते. हेंही त्यांत धरावें लागतें. गंमत अशी कीं, पुढें समुद्रांत जी आज्ञावली यंत्राला चालविणार, तीच येथें जोडतां येते. तिला कृत्रिम खोली व कृत्रिम प्रतिध्वनि पुरविले जातात. बाहेर पाणी आहे कीं नुसते आंकडे आहेत, हें तिला कळत नाहीं. नाटकमंडळींच्या रंगीत तालमीसारखाच हा प्रकार.

परंतु ह्या तालमींत एक गोम आहे. येथला समुद्र फार शहाणा असेल तर तालीम फुकट जाते. समजा, यंत्र सेकंदाला एक मीटर वेगानें तासभर सरळ गेलें आणि वेग मोजण्यांत शेंकडा एक इतकीच चूक झाली. तेवढ्यानें त्याचा अंदाज छत्तीस मीटरनीं चुकतो! म्हणून जाणते लोक मापनांत चुका मुद्दाम मिसळतात, पाणी गढूळ करतात, एखादा पंखा मध्येंच बंद पाडतात.

तरीसुद्धां कोणाला सुचलेलीं संकटेंच तेथें उभीं करतां येतात. उरलेलीं संकटें हौदांत, तलावांत आणि अखेर समुद्रांतच भेटतात. 'ऑटोसब-३' ह्या पुढील पाणबुडीचे दोष खऱ्या समुद्रांत चांचण्या घेऊन काढण्यांत आले. २००९ मध्यें ती पाइन आयलंड हिमनदीच्या तरंगत्या बर्फाखालीं सहा वेळां गेली व परत आली. त्यांतल्या एका खेपेस ती बर्फावर आदळली होती. हा धक्का आतां पुढच्या तालमींत घालतां येईल. कृत्रिम समुद्र खऱ्या समुद्राकडून असाच हळूहळू शिकतो. आणि तो जितका खट्याळ होईल, तितकीं अधिक यंत्रें घरीं परततील.