गिरणी हलते, शेत हलत नाही



आज आपण एका परदेशी गावाची गोष्ट बोलू. ती कापसाची आहे, म्हणून आपलीही आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनन नावाच्या गिरणीमालकाने ते वसवले. घरे गिरणीची, रोजगार गिरणीचा. टॉवेल आणि चादरी विणण्यात पिढ्या गेल्या. पुढे परदेशातला स्वस्त माल आला. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने गिरण्यांना टाळे लावले. एकट्या त्या राज्यात सुमारे ४,८०० कामगार घरी बसले. ‘कॅनन’ हे नाव मात्र विकले गेले, टिकले. त्या नावाचे टॉवेल परदेशातून येऊ लागले.

मग तिथल्या कापसाचे काय झाले? १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या गिरण्या वर्षाला एक कोटीहून जास्त गाठी वापरत. आता वीस लाखसुद्धा नाहीत. तरी तिथला शेतकरी कापूस पेरतच राहिला, कारण त्याच्या मागे सरकारी खजिना होता. तो कापूस जहाजात चढला, जगाच्या बाजारात उतरला आणि त्याने भाव दाबला. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली आणि ती जिंकली.

कोणी म्हणेल, तिकडचे काम आपल्याकडे आले, बरेच झाले! काम आले हे खरे. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झाले ते आठवा. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. त्याच महिन्यात आपल्या सरकारने गिरण्यांसाठी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. ऐन वेचणीच्या तोंडावर! गिरणीला ठेच लागली आणि पट्टी बांधायला धोतर फाडले ते आपले.

कपाशीत आपण तुरीच्या ओळी टाकतो. एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी असावे म्हणून. कॅनापोलिसच्या कामगाराकडे ती दुसरी ओळ नव्हती. मालकाला यंत्रे हलवता येतात. कामगाराला घर आणि आपल्याला शेत हलवता येत नाही.

खुल्या बाजाराला आपण भीत नाही. पण परक्या खजिन्याच्या बळावर पिकलेला कापूस आपल्या हंगामात उतरवू नका, एवढे आपण एका आवाजात मागू.