हृदयाचे माप



मी डॉक्टर नव्हे. कामगारांचे कागद वाचता वाचता शिकलेला माणूस. आमच्या एका उंच्यापुऱ्या कामगाराला ‘हृदय मोठे झाले’ म्हणून कामावरून बसवले. अहवालात आकडा होता ५५ मिलिमीटर. मी विचारले, कोणाच्या मानाने मोठे?

१९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी, जहाजगोदीत धातूतले दोष हुडकायला वापरत ते यंत्र माणसाच्या छातीवर लावले. ध्वनी आत जातो, भिंतीवर आपटून परततो. लागलेल्या वेळावरून अंतर निघते. मापाचे हे हत्यार मुळात कामगाराचेच!

हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरला असता पुरुषात साधारण ४२ ते ५८ मिलिमीटर रुंद असतो, स्त्रीत ३८ ते ५२. म्हणजे ५५ हा आकडा बाईला जास्त, पुरुषाला रास्त. शिवाय अंगलट पाहावी लागते, कप्पा किती जोराने आकुंचन पावतो तेही पाहावे लागते. कसलेल्या धावपटूचा कप्पा रोगावाचूनही मोठा असू शकतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी हे सारे तपासले. आमचा माणूस पुन्हा कामावर रुजू झाला.

याच किहीमला १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचा संसार चिकाटीने न्याहाळला, आणि मगच निष्कर्ष काढला. माणसाच्या भाकरीचा निर्णय करताना निदान तेवढा धीर धरावा, एवढेच माझे मागणे आहे.