हसण्याचा अर्धा तास

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली की प्रसादाआधी बोलणाऱ्याने थोडक्यात आटोपावे, हा आपल्या मंडळाचा अलिखित नियम आहे. तो आम्ही पाळू.

विषय आहे हास्ययोग आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुली. आम्ही डॉक्टर नाही, योगशिक्षकही नाही. फार्मसीची पदविका घेऊन सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात नोकरी करणारी माणसे आहोत. पण नर्सिंगच्या विद्यार्थिनी आमच्या खिडकीवर रोज येतात, आणि खिडकीतून बरेच काही दिसते.

जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. सतरा-अठरा वर्षांची मुलगी धार, झाबुआ, खरगोनहून, कधी थेट केरळातून इंदूरला येते. आपल्या घरात या वयाच्या मुलीला आपण दुधाचे पातेलेसुद्धा जपून उतरव म्हणतो. इथे ती वॉर्डात उभी असते. सकाळी ड्यूटी, दुपारी वर्ग, रात्री फाइली लिहायच्या. मिलिग्रॅमचा हिशेब चुकून चालत नाही. डॉक्टरांवरचा राग नातेवाईक तिच्यावर काढतात, आणि तिने मात्र सगळ्यांशी हसून बोलायचे.

आमच्यापैकी दोघे-तिघे रोज सकाळी बागेतल्या हास्य क्लबात जातो. नर्सिंगच्या एका ट्यूटर मॅडमना हे कळले. त्या म्हणाल्या, "आमच्या मुलींनाही शिकवा ना." म्हणून आठवड्यातून दोन दिवस, ड्यूटीच्या आधी अर्धा तास, होस्टेलच्या अंगणात आम्ही जाऊ लागलो.

हास्ययोग आपल्या मुंबईतला. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली. आधी ते एकमेकांना विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि कोणाला तरी लागतील असे उरले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला. मुद्दाम हसायचे, शरीराला हसण्याचा व्यायाम मिळाला की पुरे. त्यांच्या पत्नी माधुरी योगशिक्षिका. त्यामुळे श्वासाचे व्यायामही त्यात आले. पु. लं.ची कॅसेट लावून हसणाऱ्या आपल्या पिढीला विनोदाशिवाय हसणे विचित्र वाटते. आम्हालाही वाटले होते.

पद्धत सोपी आहे. गोल उभे राहायचे. टाळ्यांच्या तालावर "हो हो, हा हा हा". मग दीर्घ श्वास. मग नमस्कार करत हसणे, लस्सी घुसळल्याचा अभिनय करून हसणे, जीभ बाहेर काढून सिंहासारखे हसणे. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. सुरुवात खोटी असते, पण समोरचीचा सिंह पाहून दोन मिनिटांत खरे हसू येते. हसताना श्वास लांबवर बाहेर जातो, पोटाचे स्नायू हलतात आणि नंतर अंग सैल पडते. शेवटी पाच मिनिटे शांत बसायचे.

मुली खुलल्या. खिडकीवर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या मुली "सर, हो हो!" म्हणू लागल्या. आम्हाला वाटले, औषध सापडले.

मग एका संध्याकाळी त्यांच्यातलीच एक मुलगी खिडकीवर आली. रुग्ण गेला होता, उरलेली इंजेक्शने परत करायची होती. तिने पाहिलेला तो पहिला मृत्यू. इंजेक्शने मोजताना तिचा आकडा तीनदा चुकला. शेवटी म्हणाली, "सर, आपही गिन लीजिए." आम्ही मोजली, सही घेतली आणि खिडकी बंद केली. दुसरे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोलात उभी होती. टाळ्या सुरू झाल्या. ती हसेना. आमच्यातला एक जण उत्साहाने म्हणाला, "हसा, हसा, मोठ्याने!" आणि ती रडू लागली. गोल थांबला. मॅडम तिला पायरीवर घेऊन बसल्या. दोघी मैत्रिणी शेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी हास्ययोग झाला नाही. तरी आम्हाला वाटते, आमचा सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच.

त्या दिवसापासून आम्ही नियम बदलला. पहिली दहा मिनिटे बोलण्याची. ज्याला हसायचे नाही त्याने नुसते बसावे, कोणी आग्रह करायचा नाही. हसण्याने रडणे झाकायचे नाही. दिवसभर रुग्णांसमोर त्या मुली तेच करत असतात.

इराण आणि तुर्कस्तानात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर हास्ययोगाचे अभ्यास झाले आहेत. काही बाबतींत फायदा दिसला. पण असे अभ्यास लहान गटांवरचे आणि थोड्या आठवड्यांचे असतात. म्हणून आम्ही मोठा दावा करत नाही. हास्ययोगाने वॉर्डातली माणसे वाढत नाहीत, रात्रपाळी कमी होत नाही. ते काम व्यवस्थेचेच आहे. जिची झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडाले आहे, तिला डॉक्टरकडेच न्यायला हवे. आणि इथल्या ज्येष्ठांना सांगतो, हर्निया, काचबिंदू, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर विचारल्याशिवाय जोरात हसण्याचा व्यायाम करू नका. गरोदर भगिनींनीही.

आता मंडळाकडे एक मागणी. गणपतीच्या दिवसांत या मुलींना घरची फार आठवण येते, आणि सुट्टी मिळत नाही. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांना आरतीला आणि जेवायला बोलवावे. भाषण नको, सत्कार नको. पंगतीत आपल्या लेकींच्या शेजारी बसवा आणि "दमलीस का गं?" एवढे विचारा. भाषा मराठीच हवी असे नाही.

त्या संध्याकाळी खिडकी बंद करण्याआधी आम्ही एवढेच विचारायला हवे होते.

गणपती बाप्पा मोरया!