घरगुती मत्स्यालय : आधी पाणी, मग मासे



मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. शाळेच्या सहलीबरोबर किंवा वडिलांचे बोट धरून तेथे गेलेल्या अनेक मुलांनी घरी परतताना एकच हट्ट धरला आणि यथावकाश त्यांपैकी काहींच्या घरी काचेची पेटी आली. क्रॉफर्ड मार्केटमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गप्पी, मॉली, एंजल, एखादी सोनमाशांची जोडी आली. चार दिवस घरात कोणाला दुसरे काही सुचले नाही. मग एक मासा आडवा झाला, पाठोपाठ दुसरा. नवे आणले, तेही गेले. वर्षभरात पेटी रिकामी होऊन माळ्यावर चढली आणि ‘आपल्याकडे मासे जगत नाहीत’ असा निकाल घरातील वडीलधाऱ्यांनी देऊन टाकला.

ती मुले आज साठीच्या घरात किंवा त्याही पुढे आहेत. संसाराची जबाबदारी हलकी झाली, नोकरीतून मोकळीक मिळाली की माणूस जुन्या छंदांकडे वळतो आणि माळ्यावरची ती पेटी पुन्हा खाली येते. हौसेला मोल नसते हे खरे. पण या वेळी हौसेबरोबर एक शंकाही असते. सेवेत काही उणे नव्हते, मग तेव्हा मासे मेले का? या शंकेचे उत्तर काहीसे चमत्कारिक आहे. पुष्कळ घरांतील मासे हेळसांडीने मेले नाहीत, ते स्वच्छतेने मेले.

त्या काळची रीत आठवून पाहावी. रविवार उजाडला की मासे बादलीत काढावयाचे, पेटीतले सारे पाणी मोरीत ओतावयाचे, तळाची वाळू घमेल्यात घेऊन नळाखाली निवळ पाणी येईपर्यंत चोळावयाची, काचा घासावयाच्या, गाळणीचा स्पंज पिळून उन्हात टाकावयाचा आणि नळाच्या ताज्या पाण्याने पेटी काठोकाठ भरून मासे पुन्हा आत सोडावयाचे. पेटी लखलखत असे. सोमवार-मंगळवार बरे जात आणि बुधवारी मासे वर येऊन तोंडे उघडी टाकू लागत. पाणी खराब झाले असावे या समजुतीने पुढची सफाई रविवारची वाट न पाहता गुरुवारीच होई. जितकी दक्षता अधिक, तितके मृत्यू अधिक, असा हा उलटा हिशेब होता.

त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे, कारण मत्स्यालयाचे सारे शास्त्र त्यात आले. मासा जे खातो त्यातील नत्राचा टाकाऊ भाग तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न आणि कुजणारी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीच्या पाण्यात तो विरून जातो. पन्नास लिटरच्या पेटीत तो जाणार कोठे? अमोनिया माशांचे कल्ले अक्षरशः पोळतो आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका तो अधिक विषारी ठरतो. निसर्गाने यावर उपाय योजला आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. हे नायट्राइटही विषच. ते माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मग दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे त्या मानाने सौम्य. पाणवनस्पतींचे तर ते खतच. उरलेले नायट्रेट थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकता येते.

अशा जीवाणूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावला. तथापि मत्स्यालयातील घडामोडींचा नेमका उलगडा होण्यास आणखी शंभर वर्षे गेली. नायट्राइटचे काम ‘नायट्रोबॅक्टर’ करतो असे छंदाच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात ते काम ‘नायट्रोस्पायरा’ जातीचे जीवाणू करतात हे १९९८ साली दिसून आले. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. जुनी पुस्तके सांभाळून ठेवणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती समासात करून ठेवण्यास हरकत नाही.

हे जीवाणू बहुतांशी पाण्यात तरंगत नसतात. वाळूच्या कणांवर, स्पंजच्या छिद्रांत, काचेवर त्यांचा पातळ, बुळबुळीत थर बसतो. म्हणजे दर रविवारी घमेल्यात चोळून धुतली जात होती ती नुसती घाण नव्हती. माशांना जगविणारी सारी यंत्रणाच मोरीत जात होती. त्यातून काही उरलेच तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन होतेच, ते मुळात जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. हे जीवाणू वाढतातही फार सावकाश. दुधाला विरजण लावावे आणि सकाळी दही व्हावे असा हा प्रकार नव्हे. एका जीवाणूचे दोन व्हावयास कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी व्हावयास साधारण चार ते सहा आठवडे जातात. ज्या पेटीची वस्ती दर आठवड्याला उठविली जाते, तेथे मासे टिकावेत कसे?

म्हणून परत येणाऱ्या छांदिष्टाने पहिले दोन महिने माशांचा विचार बाजूला ठेवून पाण्याचा करावा.

जुनी पेटी वापरावयाची असल्यास तिची परीक्षा प्रथम व्हावी. लोखंडी अँगलची आणि लांबी भरलेली असेल तर ती स्मृती म्हणून ठेवावी व नवी घ्यावी. सिलिकोनने जोडलेली असेल तर गच्चीत किंवा मोरीत सपाट जागी भरून दोन दिवस ठेवावी. पाझरत असल्यास जुने सिलिकोन पात्याने पूर्ण खरवडून नवे भरावे, कारण जुन्यावर नवे धरत नाही. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन मात्र वर्ज्य. साबण कधीही लावू नये. क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. नव्याने घेणाऱ्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच यापेक्षा लहान पेटी घेऊ नये. तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावते आणि वाळू-काचेसह तिचे वजन ७० किलोच्या आसपास जाते, तेव्हा टीपॉय किंवा कपाटाची फळी या कामी उपयोगाची नाही. भक्कम घडवंची, तीवर थर्मोकोलचा ताव आणि मग पेटी. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. म्हणूनच गोल काचेच्या भांड्यात एकटा फिरणारा सोनमासा ही चित्रातच शोभणारी गोष्ट आहे.

पेटी खिडकीत ठेवण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी. तिचे मूळ एका मोठ्या प्रयोगात आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास एका काचपात्रात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. सडक्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी आत गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने तो घ्यावा, गोगलगायीने कचरा खावा, असा हा समतोल. कल्पना सुंदर आहे आणि वनस्पतींचे महत्त्व आजही तेवढेच आहे. परंतु आपल्याकडच्या उन्हात खिडकीतली पेटी पंधरा दिवसांत शेवाळाने हिरवीगार होते आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापते ते वेगळेच. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो साडेसातपर्यंत उतरतो. उलट पुणे-नाशिककडील डिसेंबरच्या रात्री उष्ण प्रदेशातील माशांना सोसत नाहीत; तेथे लिटरमागे साधारण एक वॅट या प्रमाणात हीटर लावून पाणी २४ ते २७ अंशांवर राखावे.

पेटी भरून, हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी सुरू केली की खरी कसोटी लागते ती संयमाची. मासे नसलेल्या पेटीत रोज माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट टाकावी. ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते. परिचिताकडे निरोगी व जुने मत्स्यालय असेल तर त्याच्या गाळणीतला स्पंजचा तुकडा मागून आणावा. विरजणाची उपमा येथे चपखल बसते आणि आठवडे वाचतात. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच दुकानांत मिळतात. दोन्ही आधी वाढून मग शून्यावर आले म्हणजे पाणी तयार झाले. काच कितीही निर्मळ दिसली तरी यापूर्वी मासे आणू नयेत. या काळात झाकण किंवा मच्छरदाणीचे कापड पेटीवर असलेच पाहिजे. माशांविना साठविलेले पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला आमंत्रण असते, आणि त्याच्या अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात दहा-बारा दिवसही पुरतात. मासे आले की ही काळजी मिटते. गप्पी मासे हिवताप निर्मूलनाच्या कामी विहिरी-टाक्यांत सोडले जातात ते डासांच्या अळ्या खातात म्हणूनच.

आता मासे कोणते घ्यावेत? रंगावर जाऊ नये, नळावर जावे. मुंबईला सह्याद्रीच्या पायथ्यालगतच्या तलावांचे मृदू पाणी मिळते. पठारावरील अनेक वसाहतींत बोअरवेलचे जड पाणी येते, ज्यात साबणाला फेस येत नाही. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल सुखाने नांदतात. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा मात्र मृदू पाण्याचा. पाण्याशी झगडून मासा ठेवण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा ठेवणे शहाणपणाचे. आपल्या देशातील मासेही या छंदात मोलाचे आहेत. झेब्रा मासा व रोझी बार्ब यांची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात केली आहे आणि दोन्ही नवशिक्याला सांभाळता येण्याजोगे काटक आहेत. केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीच्या नद्यांत आढळणारा, तांबड्या रेघेचा डेनिसन बार्ब दिसावयास अप्रतिम. परंतु छंदासाठी नद्यांतून त्याची इतकी पकड झाली की तो संकटग्रस्त यादीत गेला. तो कृत्रिम प्रजननातून आलेला आहे अशी खात्री असेल तरच घ्यावा. सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवे केलेले काचमासे विकावयास आले तर ते मुळीच घेऊ नयेत.

आणखी एक मासा दुकानदार आग्रहाने देतो, ‘सफाई करणारा’ सकर. तो हातभर वाढतो. पेटीत मावेनासा झाला की कोणीतरी दयाबुद्धीने तो तळ्यात किंवा नदीत सोडून देतो. ही दया भलतीच महागात पडते. दक्षिण अमेरिकेतील हा मासा आता भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशातील मच्छीमारांच्या जाळ्यांची व उत्पन्नाची त्याने हानी केली आहे. नकोसा झालेला मासा दुकानात परत द्यावा, दुसऱ्या छांदिष्टाला द्यावा. नदीत कदापि नाही.

शक्य तेथे मासे स्थानिक प्रजननकाराकडून घ्यावेत. जवळच्या पाण्यात वाढलेला मासा घरच्या पाण्यात लवकर रुळतो आणि चार पैसे जिल्ह्यातच राहतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारातील शोभिवंत मत्स्यपालन घटकासाठी ३ लाख रुपये खर्च गृहीत धरून सर्वसाधारण प्रवर्गास ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली होती, ती या जोडधंद्याचा विचार करूनच.

पहिल्या खेपेस पाच-सहा लहान मासेच आणावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, मग पेटीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडावेत. जीवाणूंची वस्ती माशांच्या संख्येबरोबर वाढते, म्हणून पुढची खेप तीन आठवड्यांनी. आठवड्यातून एकदा पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा. नवे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेले असावे, किंवा त्यात सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घालावे. छायाचित्रकारांच्या काळोख्या खोलीतला ‘हायपो’ तो हाच. स्पंज महिन्यातून एकदा पेटीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा, नळाखाली नव्हे. वाळू पेटीबाहेर काढू नये. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. निरोगी, पूर्ण वाढीचे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. जास्त खाद्याने ते दोन दिवसांत दगावतात. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांवर मासे सोपवावयाचे असतील तर एकेका दिवसाआड एक अशा चिमटीच्या पुड्या बांधून त्यांच्या हाती द्याव्यात आणि खाद्याचा डबा आपल्या कपाटात कुलपाआड ठेवावा.